सांध्यातली फट

फेब्रुवारीची संध्याकाळ होती. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, मला बडनेऱ्याच्या एका सायडिंगवर घेऊन गेले. गाड्या बंद झालेलं, गवत वाढलेलं जुनं सायडिंग. मी दहा वर्षांची, ते नुकतेच रेल्वेतून निवृत्त झालेले. खिशातून त्यांनी काडेपेटी काढली, एक काडी घेतली आणि वाकून दोन रुळांच्या मधल्या फटीत उभी धरली. काडी सहज आत गेली.

"पाह्य बाई," ते म्हणाले, "इतली जागा ठेवाच लागते. उनानं लोखंड वाढते. त्याले वाढाले जागा नाई भेटली, त अख्खा रूळ वाकडा होते."

आबाजी कीमन होते. खांद्यावर हातोडा आणि पाना, काखेत लाल आणि हिरवी झेंडी, असा हा माणूस रोज पहाटे निघायचा. आपल्या वाटणीचे पाच-सहा किलोमीटर रूळ पायी तपासत जायचा. जाताना एका रुळाची पाहणी, येताना दुसऱ्याची. स्लीपरमधली चावी सैल दिसली की ठोकायची, दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटचा बोल्ट ढिला झाला की आवळायचा. टिमटाळ्याच्या बाजूचा पल्ला त्यांच्याकडे वर्षानुवर्षं होता. तेव्हाचे रूळ तेरा-तेरा मीटरचे तुकडे जोडून टाकलेले असत. तेरा मीटरचा रूळ चाळीस अंशांच्या फरकानं सहा मिलिमीटरच्या आसपास वाढतो. वऱ्हाडात जानेवारीची पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांच्यात रुळाच्या तापमानात एवढा फरक सहज पडतो. म्हणून उन्हाळा लागायच्या आत फटी मोजायच्या, आणि थंडीत फिशप्लेट उघडून सांध्यांना तेल-ग्रीस द्यायचं. नुसती फट असून भागत नाही. सांधा गंजून जाम झाला असेल, तर फट असूनही रूळ सरकत नाही.

हे सगळं मला त्या संध्याकाळी कळलं नाही. मला काडीचं नवल वाटलं होतं. पण आज पन्नाशी ओलांडल्यावर, शाळा, घर, एखादी सभा, एखादं निवेदन, दारातला कडुनिंब आणि कपाटावरची खंजिरी यांच्यात दिवस कसा बसवायचा हा प्रश्न पडतो, तेव्हा ती काडी आठवते. आबाजींच्या आयुष्यात तीन गोष्टी होत्या : भजनातली खंजिरी, रुळालगतची पाखरं आणि युनियन. तिन्ही त्यांनी शेवटपर्यंत सांभाळल्या. त्यांच्या आधीच्या पिढ्यांनीही आपापल्या परीनं सांभाळल्या होत्या. घरात रात्री जेवणं झाल्यावर जे सांगितलं जायचं, त्यात हे सगळं विखुरलेलं होतं. ते मी इथं एकत्र मांडते आहे.

बडनेरा म्हणजे बाहेरच्या माणसासाठी गाडी बदलायची जागा. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला आणि बडनेरा त्या वाटेवरचं स्टेशन झालं. अमरावती मात्र मुख्य मार्गापासून दहा-एक किलोमीटर बाजूला राहिली. म्हणून १८७१ साली बडनेऱ्याहून अमरावतीपर्यंत फाटा निघाला आणि बडनेरा जंक्शन झालं. वऱ्हाडचा कापूस इथून जायचा. पुढं इथं कापडगिरणीही उभी राहिली. गावाच्या जुन्या वस्ती आणि नव्या वस्ती अशा दोन वाटण्या झाल्या. पूर्वेला पोहरा-मालखेडच्या टेकड्या, त्यांच्या कुशीत कोंडेश्वराचं जुनं हेमाडपंती देऊळ. आमचं मूळ गाव त्या टेकड्यांच्या पायथ्याचं.

घरातली सगळ्यांत जुनी गोष्ट १८९७ सालची आहे. आबाजींचे आजोबा डिसेंबरात कापसाची गाडी घेऊन बडनेऱ्याला आले होते. स्टेशनावर त्यांनी पगड्याच पगड्या पाहिल्या. मद्रासी, बंगाली, पुणेरी. राजेरजवाड्यांचं लग्न असेल, असं त्यांना वाटलं. ते लग्न नव्हतं. राष्ट्रीय सभेचं तेरावं अधिवेशन अमरावतीत भरत होतं. अध्यक्ष होते सी. शंकरन नायर. हेच नायर पुढं १९१९ मध्ये जालियनवाला बाग हत्याकांडानंतर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातून बाहेर पडले. आगगाडीनं अमरावतीला जायचं तर बडनेऱ्याला उतरल्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यामुळं त्या चार दिवसांत सगळ्या देशाची पावलं आमच्या फलाटावर उमटली.

त्या अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष होते दादासाहेब खापर्डे. गणेश श्रीकृष्ण खापर्डे हे अमरावतीचे नामांकित वकील, लोकमान्य टिळकांचे जिवलग सहकारी. टिळकांना १९०८ मध्ये शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्यासाठी खटपट करायला ते विलायतेला गेले. हा माणूस राजकारणात एवढा बुडालेला, तरी १९०५ साली मुंबईत पहिलं मराठी नाट्यसंमेलन भरलं त्याचे अध्यक्षही खापर्डेच होते. ते रोज डायरी लिहीत. विलायतेहून परतल्यावर काही काळ ते शिर्डीला साईबाबांपाशी जाऊन राहिले आणि तिथंही डायरी लिहिली. मी ती गोष्ट वाचली तेव्हा मला आबाजींची वही आठवली. मोठ्या माणसांच्या डायऱ्या अभिलेखागारात राहतात, कीमनची वही ट्रंकेत. पण दिवसाचा जमाखर्च संध्याकाळी मांडून ठेवायची सवय एकच.

दुसरी गोष्ट माझ्या पणजोबांची. ती १९३० सालची, आणि ती आबाजींनी आठव्या वर्षी स्वतः पाहिली होती.

त्या वर्षी गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. वऱ्हाडाला समुद्र नाही. पण पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही. अकोल्याजवळच्या दहीहांडा गावात अशाच विहिरीचं खारं पाणी आटवून एप्रिलमध्ये मीठ काढलं गेलं. ज्या पाण्याला बायका पिढ्यानपिढ्या बोल लावत आल्या, ते पाणी एकदम कामाला आलं. ब्रिजलाल बियाणी आणि अमरावतीचे वीर वामनराव जोशी त्या सत्याग्रहात पुढं होते.

वामनराव जोशी नाटककार होते. 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' हे नाटक त्यांचं. १९२७ सालचं 'रणदुंदुभी'ही त्यांचंच. ते बळवंत संगीत मंडळीनं रंगभूमीवर आणलं आणि मास्टर दीनानाथांच्या गळ्यातून त्याची पदं महाराष्ट्रभर गेली. त्यानंतर तीनच वर्षांनी तोच लेखक खाऱ्या विहिरीपाशी उभा होता. आमच्या पणजोबांनी 'रणदुंदुभी' पाहिलं नव्हतं, तिकिटाला पैसे कुठले? पण त्यांना दंडारीचा नाद होता. दिवाळीनंतर गावात दंडार उभी राहायची आणि पणजोबा तिच्यात सोंग घ्यायचे. नाटक लिहिणारा माणूस कायदा मोडायला जातो, याचं त्यांना नवल वाटलं नाही, असं आबाजी सांगत. सोंग घेणाऱ्याला चारचौघांत उभं राहायची भीती नसते, एवढंच ते म्हणाले होते.

मग पाऊस आला आणि सत्याग्रह जंगलात शिरला. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलातलं गवत कापलं आणि तुरुंगात गेले. शहरातल्या वाचकाला हे फार साधं वाटेल. गवत कापणं हा काय गुन्हा? पण ज्याच्या गोठ्यात जनावर आहे त्याला विचारा. पूर्वापार ज्या रानात ढोरं चरत आली, ते रान सरकारनं राखीव केलं. चराईला पैसे, गवताला परवाना, सरपणाला परवाना. मीठ रोज चिमूटभर लागतं, बैलाला वैरण रोज भाराभर लागते. म्हणून तो विळा वऱ्हाडाला आपला वाटला आणि पुसदची बातमी गावोगाव पोचली.

पणजोबा आणि त्यांचे चार सोबती एका सकाळी विळे घेऊन टेकडीवर गेले. आबाजी मागं मागं. कापता कापता पणजोबा एकदम थांबले. गवताच्या बुंध्याशी लाव्हरीचं घरटं होतं, त्यात अंडी होती. पावसाळा हा तिचा विणीचा काळ. पणजोबांनी घरट्याभोवतीचं हातभर गवत तसंच सोडलं आणि पुढं कापायला लागले. एक सोबती चिडला. रान आपलं म्हणून सांगायला आलो, तर सगळंच कापू, असं त्याचं म्हणणं. पणजोबा म्हणाले, "गवत कापाले आलो आपुन, घरटं कापाले नाई."

ते परत आले, तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक भारा होता. त्या दिवशी कुणी त्यांना पकडलं नाही, त्यांचं नाव कुठल्या यादीत लागलं नाही. पण आबाजी ही गोष्ट सांगताना नेहमी त्या हातभर गवतापाशी थांबत. रान आपलं आहे असं म्हणणाऱ्याला रानात काय राहतं ते ठाऊक हवं. वडील हे त्यांना शब्दांत कधी बोलले नाहीत, त्यांनी ते विळ्यानं दाखवलं.

खंजिरी आबाजींकडं आली ती राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळं. महाराज अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे, जन्म १९०९ चा. मूळ नाव माणिक. लहानपणी शाळेत रमले नाहीत, पुढं रामटेक, सालबर्डीच्या रानांत भटकले. १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. १९३६ मध्ये गांधीजींच्या बोलावण्यावरून आजच्या सेवाग्रामला जाऊन राहिले. हातात खंजिरी आणि गळ्यात भजन, एवढ्या सामानावर हा माणूस गावंच्या गावं उभी करत होता. व्यसन सोडा, अस्पृश्यता सोडा, गाव झाडा आणि गुलामी झुगारा, हे सगळं एकाच भजनात यायचं. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर आणि आष्टी पेटले. महिनाअखेर महाराजांना चांद्याला अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात त्यांना ठेवलं, डिसेंबरात सोडलं.

तेव्हा आबाजी वीस वर्षांचे होते. त्याआधी दोनदा ते सायकलनं मोझरीला जाऊन आले होते. महाराज सुटल्याची बातमी आली, त्या आठवड्यात त्यांनी खंजिरी विकत घेतली. पुढच्याच वर्षी रेल्वेत गँगमन म्हणून लागले आणि दर गुरुवारी भजनमंडळात बसू लागले. माझ्या लहानपणी घरात 'ग्रामगीता' होती, ४१ अध्यायांची आणि ४,६७५ ओव्यांची. तिची पानं हळदीच्या आणि ग्रीसच्या डागांनी भरलेली. हळदीचे डाग आजीचे, ग्रीसचे आबाजींचे.

मी मोठी झाल्यावर एकदा त्यांना म्हटलं, "आबाजी, दिवसभर हातोडा मारून दमता, मग खंजिरीत विसावा मिळतो, हो नं?"

त्यांना ते पटलं नाही. "विसावा कायचा? खंजिरी वाजवाले बी हात दुखते. पण युनियनच्या सभेले दहा माणसं येत, अन् भजनाले दीडशे. त्या दीडशेंतले दहा मंग सभेले येत."

म्हणजे गाणं हे चळवळीच्या बाहेरचं काही नव्हतं. आमचा गाडगेबाबांचा जिल्हा. तो माणूस दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचा आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचा. खराट्यानं लोक जमत आणि कीर्तनानं थांबत. आबाजी त्याच रीतीचे.

पण या तीन गोष्टींचं एकमेकींशी नेहमी जुळतच होतं, असं नाही. आबाजींची पहिली खंजिरी घोरपडीच्या कातड्यानं मढवलेली होती. त्या कातड्याचा नाद वेगळाच, बोट फिरवलं तरी घुमायचा. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि घोरपडीला संरक्षण मिळालं. भजनमंडळात एक वनरक्षक येत. त्यांनी सहज ही माहिती सांगितली. रुळालगतच्या बांधांवर आबाजींना घोरपडी रोज दिसायच्या. उन्हाला पडलेल्या, सापासारखी जीभ बाहेर काढणाऱ्या. त्यांनी तोपर्यंत कधी ते कातडं आणि ती घोरपड यांचा संबंध जोडला नव्हता. काही महिन्यांनी खंजिरीचं कातडं फाटलं, तेव्हा त्यांनी ती बकऱ्याच्या कातड्यानं मढवून घेतली. नाद उतरला. मंडळातले म्हणाले, कोण पाहायला येतं, जुन्याच कातड्यानं मढवा. आबाजींनी ऐकलं नाही. वर्षभर ते भजनात मागच्या ओळीत बसले, कारण नव्या कातड्यावर त्यांचा हात बसेना. पुढं बसला. आज ती खंजिरी माझ्याकडं आहे. पावसाळ्यात तिचं कातडं सैल पडतं, वाजवण्याआधी विस्तवाशी धरावी लागते.

कला, निसर्ग आणि राजकारण यांचा मेळ घालायचा म्हणजे तिघांना खूश ठेवायचं असं नसतं, हे मला या खंजिरीनं शिकवलं. कधी कधी एकाला पाऊल मागं घ्यावं लागतं. त्या वेळी गाण्यानं घेतलं.

दोन वर्षांनी पाखरांची पाळी आली.

८ मे १९७४ रोजी रेल्वेचा संप सुरू झाला. अखिल भारतीय रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष जॉर्ज फर्नांडिस यांना त्याआधीच, २ मे रोजी अटक झाली होती. देशभरातले सतरा लाख कामगार, आणि संप चालला वीस दिवस. इंजिनवर काम करणाऱ्यांना आठ तासांचा दिवस मिळावा, वेतन सुधारावं, बोनस मिळावा, या प्रमुख मागण्या. रेल्वे क्वार्टर्समध्ये धरपकडीच्या बातम्या येत होत्या. आबाजी तेव्हा बावन्न वर्षांचे. संपाच्या आदल्या रात्री ते घरातून निघाले आणि मूळ गावी नातेवाइकांच्या शेतातल्या कोठ्यात जाऊन राहिले.

आता टिटवीबद्दल सांगायला हवं. टिटवी घरटं बांधत नाही. जमिनीवर खड्यांत थोडा खळगा करते आणि त्यातच चार अंडी घालते. अंड्यांचा रंग आणि ठिपके असे, की खडा कुठला आणि अंडं कुठलं कळू नये. रुळाखालची गिट्टी तिला फार आवडते. आबाजींना दर उन्हाळ्यात आपल्या पल्ल्यावर अशी दोन-तीन घरटी सापडत. ते जवळच्या स्लीपरवर खडूनं फुली मारून ठेवत, म्हणजे गँगची माणसं गिट्टी ओढताना तेवढी जागा सोडत. मुकादम कुरकुर करी, पण सोडी. आबाजींच्या वहीत हे सगळं नोंदलेलं आहे : कितव्या किलोमीटरला, कितव्या तारखेला, किती अंडी, किती पिलं. पुढच्या पानावर मालखेडच्या तलावावर हिवाळ्यात आलेल्या चक्रवाकांची नोंद, आणि त्याच पानाच्या मागं युनियनच्या वर्गणीचा हिशेब. वेगळी वही घ्यायला पैसे नव्हते.

त्या मे महिन्यात एका घरट्यात चार अंडी होती आणि पिलं निघायचे दिवस जवळ आले होते. आबाजी शेतात अस्वस्थ. रूळ तिथून तासाभराच्या वाटेवर. पण संप चालू असताना संपकरी कामगार रुळाजवळ दिसला, तर त्याचा एकच अर्थ निघतो : घातपात. तो सापडला तर नुकसान एकट्याचं होत नाही, सगळ्या संपाला बट्टा लागतो. चार दिवस त्यांनी विचार केला आणि ते गेले नाहीत.

आत्या तेव्हा चौदा वर्षांची. तीच ही गोष्ट सांगते. तिला निरोप आला : बकरी घेऊन रुळाच्या अलीकडच्या बांधावर जा, रुळावर पाय ठेवू नको, लांबूनच पाहा. आत्या गेली. गाड्या कमी झालेल्या, दुपार सुनसान, रूळ तापून वर हवा थरथरत होती. टिटवी ओरडत अंगावर आली. आत्या बांधावरच बसून राहिली. तासाभरानं टिटवी शांत झाली, आणि गिट्टीतून खड्याएवढं काहीतरी पळालं. मग दुसरं. मग तिसरं. चौथं दिसलं नाही. संध्याकाळी निरोप परत गेला : तीन.

आबाजींनी वहीत लिहिलं, "३ पिल्ले. (मुलीने पाहिले.)" त्याच्या खाली, "संप – १४ वा दिवस."

२७ मे रोजी संप मागं घेतला गेला. मागण्या त्या वेळी पदरात पडल्या नाहीत. रेल्वे कामगारांना बोनस मंजूर झाला तो १९७९ मध्ये. आबाजी कामावर रुजू झाले, तेव्हा नवतपा लागला होता. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळा पल्ला चालून प्रत्येक सांधा पाहिला. वीस दिवस हातोडा न लागलेल्या कितीतरी चाव्या सैल झाल्या होत्या.

इथवर गोष्ट माझ्या आबाजींची झाली. आजीचं बोलणं ऐकल्याशिवाय ती पुरी होत नाही.

आबाजी गेले १९९६ मध्ये. दिवस झाल्यावर घरात सगळे त्यांच्या आठवणी काढत बसले होते. मी म्हटलं, आबाजींनी आयुष्यात मोकळी जागा कशी राखली, रुळातल्या फटीसारखी. आजी कोपऱ्यात वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यायच्या फटीत मीच उभी होती नं बाई."

सगळे गप्प झाले. गुरुवारी भजन, रविवारी सभा, सुट्टीला मालखेडचा तलाव. त्या सगळ्या वेळी नळाला पाणी कोण भरत होतं? संपाच्या वीस दिवसांत पगार थांबला, तेव्हा आजीनं शेजारपाजारच्या घरांसाठी शेवया, कुरड्या, सरगुंडे करून दिले. मे महिना, वाळवणाचे दिवस. वरच्या उन्हानं आणि खालच्या पत्र्यानं तिचे तळवे भाजले होते. वहीत त्याची नोंद नाही.

तिलाही गळा होता. भाद्रपदात भुलाबाई बसल्या की आमच्या ओळीतल्या मुली तिच्याकडून गाणी शिकायला यायच्या. दुपारी तीन ते चार ती वाकळ शिवायची आणि त्या तासात कुणी हाक मारलेली तिला चालायची नाही. आबाजींच्या जीर्ण झालेल्या लाल-हिरव्या झेंड्यांचे तुकडे त्या वाकळीत आहेत. एक तास. तिनं तो मागून घेतला नव्हता, भांडून मिळवला होता. निवृत्त झाल्यावर सकाळचं पाणी आबाजी भरू लागले, ते मी पाहिलं आहे. सदतीस वर्षांनी का होईना, हिशेब त्यांच्या लक्षात आला होता. पण तोल साधला असं ज्यांच्याबद्दल आपण कौतुकानं सांगतो, त्यांच्या घरात तो कुणाच्या पाठीवर उभा होता, हे विचारल्याशिवाय ती गोष्ट पुढच्या पिढीला सांगू नये. मी सांगताना आजीचं वाक्य कधी गाळत नाही.

माझं स्वतःचं सांगते आणि थांबते.

चाळिशीत मी एका स्थानिक आंदोलनात पडले. झाडांचा आणि पाण्याचा प्रश्न होता. चौदा महिने मी शाळा सुटल्यावर सभा, सभेनंतर फोन, फोननंतर निवेदनं, एवढंच केलं. ज्या झाडांसाठी लढत होते, त्यांच्याखाली त्या चौदा महिन्यांत एकदाही बसले नाही. खंजिरीचं कातडं वाळून गेलं. मग मे महिन्यात एका बैठकीत, सगळ्यांत जवळच्या सोबत्यांवर मी अशी काही बरसले की दोघं कायमचे सोडून गेले. प्रश्न बाजूला राहिला, आमची माणसं फुटली. उन्हात रूळ वाकतो तो असा. सरळ चाललेला असतो, आणि एका दुपारी एकदम बाजूला सरकतो.

त्यानंतर दोन वर्षं मी दुसरं टोक गाठलं. रोज पहाटे कोंडेश्वराच्या रस्त्यानं फिरायला जायचं, पाखरं पाहायची, पेपर वाचायचा नाही. छान वाटत होतं. त्या दोन वर्षांत आमच्या भागातला एक निर्णय, ज्याला विरोध करायला दहा माणसं पुरली असती, कुणी न आल्यामुळं झाला. मीही गेले नव्हते. फट प्रमाणाबाहेर रुंद झाली तर काय होतं, तेही आबाजींनी सांगितलं होतं. चाक दर वेळी रुळाच्या टोकावर आदळतं, टोक ठेचत जातं आणि शेवटी तिथूनच मोडतं.

आता बडनेऱ्यावरून जाणारे मुख्य मार्गाचे रूळ लांबच लांब जोडलेले आहेत. तो खडखड आवाज गेला. लोक म्हणतात, आता फटीची गरज कुठं आहे? मी एका तरुण ट्रॅकमनला विचारलं. तो म्हणाला, ताई, फट नाही, पण ताण तर येतोच. म्हणून ठराविक तापमानाला रूळ मोकळा करून त्यातला ताण काढावा लागतो, मगच पुन्हा घट्ट बसवतात. हे ऐकून मला बरं वाटलं. आपलेही दिवस आता असेच सलग जोडलेले आहेत. सकाळच्या पहिल्या मेसेजपासून रात्रीच्या शेवटच्या बातमीपर्यंत सांधाच नाही. त्यातूनही ताण काढायची वेळ ठरवावी लागते, आणि तीही ऊन चढायच्या आधी.

मी ती ठरवली आहे. गुरुवारी संध्याकाळी भजनाला बसते. रविवारी सकाळी दोन तास टेकडीवर. महिन्यातून दोन बैठका, त्या चुकवायच्या नाहीत आणि त्यांच्या पुढंही जायचं नाही. घरातलं पाणी आणि सकाळचा चहा आम्ही दोघं पाळीनं करतो, कारण आजीचं वाक्य कानात आहे. एवढ्यानं जग बदलत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मागच्या सहा वर्षांत मी एकही बैठक अर्ध्यावर सोडलेली नाही आणि एकाही सोबत्यावर ओरडलेली नाही.

तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर त्याला हे विचारून पाहा : तुम्ही कामाच्या आणि लढाईच्या मध्ये काय करत होता? कुठलं वाद्य, कुठलं झाड, कुठली ओवी? आणि तुम्ही ते करत होता, तेव्हा घरात कोण राबत होतं? दोन्ही उत्तरं लिहून ठेवा, वेगळी वही नसेल तर हिशेबाच्याच वहीत. मग आपल्या दिवसात काडी घालून पाहा. ती जात नसेल, तर उन्हाळा लागायच्या आत सांधा उघडून तेल द्या.

फार जागा लागत नाही. तेरा मीटरच्या रुळाला सहा मिलिमीटर पुरतात.